शीळ थांबली की

प्रकाशकाने चिमणीच्या खेळाला दोनदा वाटाण्याच्या अक्षता लावल्या होत्या, आणि आज तिसऱ्यांदा ती पेटी काखोटीला मारून त्याच्या दारात उभी होती. खेळ म्हणजे सोंगट्यांचा नव्हे. टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकाने एकेक सोंग घ्यायचं, फासे टाकायचे आणि गोष्ट पुढे न्यायची. गोष्टीतलं बेट तिने मनाने रचलं होतं, पण त्याच्यावर राज्य करणारी परकी कंपनी इतिहासातून उचलली होती. कर, उपासमार, चाबूक, सगळं. त्यापायी तिने नोकरी सोडून जिवाचं रान केलं होतं. आजही नकार आला तर पेटी माळ्यावर टाकायची आणि मान खाली घालून जुन्या साहेबापुढे उभं राहायचं, एवढंच उरलं होतं.

एक गडी कमी पडत होता, म्हणून तिने आत्याला सोबत आणलं. आत्याने तिला लहानाची मोठी केली होती. आता वय ऐंशीच्या घरात, गुडघे संपावर, जीभ मात्र पहिल्यासारखी.

"मला काय कळतंय तुमच्या खेळातलं?"

"तू नुसती मळ्यातली मजूर हो. फळं वेचायची, बस्स."

चिमणीने लाल मण्यांचं भांडं पुढे ठेवलं. आत्याने भांड्याकडे पाहिलं, चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. चिमणीचं सगळं लक्ष मात्र प्रकाशकाकडे होतं.

प्रकाशक मुकादम झाला, त्याचा चित्रकार कंपनीचा साहेब. खेळ सुरू झाला आणि थोड्याच वेळात प्रकाशकाला जांभई आली. "थांबा, आता गंमत आहे," चिमणी घाईने म्हणाली.

ही गंमत तिच्या घरची होती. वाटाणे सोलताना त्यांच्या घरात सगळ्यांनी शीळ घालायची, बायकांनीसुद्धा. शेजारीपाजारी नाकं मुरडायचे आणि घरच्यांना त्याचाच अभिमान. ज्याची शीळ थांबेल त्याने हात पुढे करायचा, मग आजी, म्हणजे आत्याची आई, त्या हातावर चार गोड दाणे ठेवायची. मुलं मुद्दाम हरायची. इतिहासाची पानं चाळून जीव आंबला, तेव्हा चिमणीने हा खेळ आपल्या मळ्यात घातला होता. मजुराने शीळ घालत मणी वेचायचे, शीळ थांबली की मणी मुकादमाचे. सगळ्या पेटीत हाच एक नियम तिचा स्वतःचा होता.

"अरे वा!" प्रकाशक खुर्चीत सावरून बसला. "हे भारी आहे. चला आत्याबाई, होऊन जाऊ द्या!"

आत्याने शीळ सुरू केली. कवळी असूनही सूर स्वच्छ. बोटं भराभर चालत होती आणि गंमत अशी, की ती श्वास आत घेतानाही शीळ वाजतच होती. खंड म्हणून नाही. चित्रकार टाळ्या वाजवू लागला. प्रकाशक तर पेटलाच. त्याने चित्रकाराची लाकडी पट्टी उचलली, डोळे वटारले आणि नाटकातल्या खलनायकासारखा ओरडला, "शीळ थांबली की फटका!"

शीळ थांबली.

आत्याने मान खाली घातली. डावा हात टेबलावर पुढे आला, पालथा, बोटं ताठ. उजवा हात मणी वेचतच राहिला.

हसू सगळ्यांच्या तोंडातच विरलं. हात असा पुढे करायचा नियम पेटीत कुठेच नव्हता. पट्टी हवेत तशीच धरून प्रकाशक बघत राहिला.

"आत्या, अगं, काय करतेस?"

आत्याने हाताकडे पाहिलं, जणू तो दुसऱ्याच कुणाचा होता. मग हळूच मागे घेतला.

"शीळ घालणाऱ्याला फळ खाता येत नाही," ती म्हणाली. "म्हणून घालायला लावायचे. कंपनीच्या मळ्यात. आई आणि मी, दोघी होतो. तुझा बाप तेव्हा पाळण्यात."

"तू कधी बोलली नाहीस!"

"काय बोलायचं? शहरात आल्यावरसुद्धा काही सोलायला बसले की मी शीळ घालायची. थांबली की हात पुढे करायची. आई रडायची नुसती. मग एक दिवस तिने त्या हातावर वाटाणे ठेवले. तुझा बाप हसला, मला पण हसू आलं. तुम्हाला तो खेळच वाटला. वाटू दिला."

जगभरचा जुलूम चिमणीने पुस्तकांतून धुंडाळला होता, आणि जो तिच्याच स्वयंपाकघरात बसून शीळ घालत होता तो तिने गंमत म्हणून पेटीत भरला होता. तिला स्वतःची शरम वाटली. आजीने एवढ्या कष्टाने पुसलेलं तिने पुन्हा मूळ जागी, कंपनीच्या मळ्यात, नेऊन ठेवलं होतं.

"पण डावाच हात का?" चित्रकाराने दबक्या आवाजात विचारलं.

"उजवा कामाचा, बाळा."

प्रकाशकाने घाम पुसला. माणूस वाईट नव्हता, पण धंदा अंगात मुरलेला. तो म्हणाला, "चिमणीताई, हा फटक्याचा नियम तर आता हवाच. खरा आहे हो! पेटीवर तसं मोठ्या अक्षरांत छापू. करार आज, आत्ता, इथेच करू. हा खेळ घराघरात जाईल!" आणि बोलण्याच्या भरात त्याने हातातली पट्टी उंच केली.

चिमणीचा डावा हात टेबलावर पुढे आला. पालथा, बोटं ताठ.

तिने तो पुढे केला नव्हता. तो आपणहून आला होता. कंपनीचा मळा तिने उभ्या जन्मात पाहिला नव्हता, आजीने तिला कधी बोटही लावलं नव्हतं, आणि तरी हाताला सगळं ठाऊक होतं. आत्याच्या तोंडून हुंदका फुटला. "तुला पण?" ती म्हणाली. "अगं, आम्हाला वाटलं होतं, संपलं!"

प्रकाशकाने पट्टी घाईघाईने खाली ठेवली. चिमणीने भांड्यातले मणी पेटीत ओतले, आत्याच्या पुढ्यातले वेचलेलेही गोळा केले आणि झाकण लावलं.

"करार नको," ती म्हणाली. मग तिने आत्याचा डावा हात उचलून उताणा केला आणि आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवला. ठेवायला दाणे नव्हते.