कोलंबोवाल्याच्या वडिलांचा ताप

मुनीरचाचांनी बत्तीस वर्षं रेल्वेच्या तारेवर काढली, आणि या बत्तीस वर्षांत पलीकडच्या स्टेशनाला "पुन्हा सांग" म्हणायला ते कधी लाजले नाहीत. तारेचा कायदाच तसा होता. एका अक्षराची जरी शंका आली तरी अंदाज बांधायचा नाही, मजकूर परत मागवायचा; कारण तुम्ही अंदाज बांधलात तर एकाच रुळावर दोन गाड्या समोरासमोर येतात. नोकरी संपवून बदनापुरात घर केल्यावरही ही सवय गेली नाही. बाजारात वांग्यांचा भाव ते दोनदा विचारायचे, आणि त्यांची बायको जन्नतबी त्यापायी वैतागून जायची.

अशा माणसाच्या गळ्यात रखमाजीनं रेडिओ बांधला. रखमाजी जालन्याच्या एका कापसाच्या जिनिंगात फिटर होता. सकाळच्या गाडीनं जायचा, संध्याकाळच्या गाडीनं परत यायचा. हाताचा भारी कसबी, पण एकदा डोक्यात किडा वळवळला की कुणाच्या बापाचं ऐकायचा नाही. मुंबईच्या एका दुकानातून त्यानं पोस्टानं सुटे भाग मागवले. करोडगिरीवाल्यांनी ते पार्सल फोडून काचेचे दिवे उलटेसुलटे करून पाहिले, वास घेतला आणि जकात लावून सोडून दिले. त्यातून रखमाजीनं दोन दिव्यांचा रेडिओ जुळवला आणि लिंबापासून घराच्या धाब्याच्या छतापर्यंत तार ताणली. गाणी ऐकण्यात त्याला गोडी नव्हती. देशोदेशीचे हौशी लोक हवेतून ठोक्यांच्या भाषेत एकमेकांशी बोलतात, तसं त्याला बोलायचं होतं. त्याला परवाना लागतो, परवान्यासाठी मोर्सची, म्हणजे या ठोक्यांच्या भाषेची, परीक्षा द्यावी लागते, आणि मोर्स जाणणारा माणूस बदनापुरात एकच.

"चाचा, तुम्ही ऐकून लिव्हत जा. मी तुमचं पाहू पाहू शिकतो," रखमाजी म्हणाला.

चाचा एका पायावर तयार झाले. घरी बसून बसून त्यांना गंज चढत चालला होता, हे ते स्वतःशी तरी कबूल करायचे.

पहिले तीन दिवस कान बुजले. तारेच्या यंत्रात कट-कट वाजायचं, इथं बारीक शिट्टी. चौथ्या दिवशी मात्र कान आणि हात यांची जुनी दोस्ती जागी झाली आणि पेन्सिल आपोआप धावायला लागली. कोलंबोहून एक माणूस रोज दिवेलागणीच्या आधी हवेवर यायचा, ठोके देण्यात त्याचा हात फार सफाईदार होता. चाचांनी पान भरलं, कानावरचे ऐकायचे डबे काढले आणि लिहिलेलं वाचायला घेतलं.

सी क्यू. हे ओळखीचं होतं. तारेतही सगळ्या स्टेशनांना हाक मारायची ही खूण. पुढे मात्र जी ई ओ एम. टी एन एक्स. एच डब्ल्यू. मग एक्स वाय एल, मग एफ बी, आणि शेवटी, कशाचा कशाला पत्ता नसलेला, नुसता आकडा: त्र्याहत्तर. चाचांचं इंग्रजी तारेपुरतं पक्कं होतं. मूल झालं, माणूस गेलं, मालगाडी सुटली, हे सगळं ते झोपेत वाचत. या पानावर कोलंबो हे नाव सोडलं तर एकही शब्द नव्हता.

त्यांनी कान पुसले, चष्मा पुसला, दुसऱ्या दिवशी दुसरं पान भरलं. पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी क्यू टी एच, क्यू आर एम, क्यू एस बी असा क्यूचा पाऊस. "पुन्हा सांग" म्हणावं तर कुणाला म्हणणार? रखमाजीच्या यंत्राला कान होते, तोंड नव्हतं. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा चाचांना परत विचारायची सोय उरली नव्हती.

आणि मग त्यांना अम्मी आठवली. शेवटच्या तीन वर्षांत अम्मी बोलायची भरपूर. शब्द एकेक ठणठणीत, पण एकाचा दुसऱ्याशी मेळ नसायचा. सुरुवात अशीच झाली होती, आणि पुढे एके दुपारी तिनं पोटच्या पोराला अदबीनं विचारलं होतं, आपण कुणाकडे आलात म्हणून. चाचांनी हिशेब लावला तर अम्मीचं तेव्हा जेवढं वय होतं तेवढंच आज आपलं. अक्षरं खरंच तशी येताहेत, की आपलं डोकंच आता अक्षरांचे शब्द करायचं विसरलं? हे ठरवणार कसं? ज्या डोक्यावर शंका, त्याच डोक्यानं निकाल द्यायचा होता.

"काय म्हनून राह्यलाय कोलंबोवाला?" रखमाजीनं विचारलं.

"त्याच्या वालिदांना ताप आलाय म्हणतो," चाचा बोलून गेले.

बस, इथंच पाय घसरला. कायदा मोडला होता, आणि एकदा मोडल्यावर रोज मोडावा लागला. कोलंबोवाल्याच्या वडिलांचा ताप उतरला, पुन्हा चढला. त्याच्या बहिणीच्या लग्नात मांडवाला आग लागली. त्याची म्हैस विहिरीत पडली आणि सोळा जणांनी दोरानं वर काढली. चाचा खरं पान चुरगाळून खाली टाकायचे आणि दुसऱ्या कागदावर नीटस इंग्रजीत ही रामकहाणी लिहून रखमाजीच्या हाती द्यायचे. रखमाजी मान डोलवायचा, कागद घडी करून ठेवायचा. घरी जाताना चाचांना स्वतःची इतकी शरम वाटायची की गल्लीत कुणी सलाम केला तरी वर पाहवत नसे. जन्नतबीनं काय झालं म्हणून विचारलं, तर तिच्यावरच खेकसले. नंतर चोरून स्वतःची परीक्षा घ्यायचे: मनमाडपासून एकेक स्टेशनाचं नाव ओळीनं म्हणायचे. सगळी नावं बरोबर यायची, तरी धीर येत नसे.

असा दीड महिना गेला. एका शुक्रवारी रखमाजी जिनिंगातून आला तो हातात जाड पाकीट घेऊन. वर परदेशी तिकीट.

"कोलंबोचं हाय," तो म्हणाला. "विंग्रजी मला येत न्हाई. तुम्हीच वाचा."

चाचांच्या तोंडचं पाणी पळालं. "याला आपला पत्ता कुणी दिला?"

"मीच लिव्हलं व्हतं. मुंबईच्या दुकानवाल्यानं त्याचा पत्ता कळवला. ज्याचं ऐकलं त्याला कागद धाडायचा, असा रिवाज हाय म्हने यांच्यात. मंग जिनातल्या मुनशीकडून दोन वळी लिव्हून घेतल्या आन् तुमचे कागद जोडले."

आता सगळं उघडं पडणार होतं. चाचांनी पाकीट फोडलं. आतून त्यांचेच अकरा कागद निघाले, पण ते नीटस लिहिलेले नव्हते. चुरगाळून टाकलेले होते. कुणीतरी तळहातानं दाबून सरळ केलेले. सोबतचं पत्र ते मनात वाचायला लागले. मग थांबले, आणि पहिल्यापासून पुन्हा वाचलं.

"मोठ्यानं वाचा की," रखमाजी म्हणाला.

"तो लिहितो," चाचा वाचू लागले, "या अकरा कागदांत एकही अक्षर चुकलेलं नाही. दोन जागी माझाच हात चुकला होता, ती चूकसुद्धा तुमच्या माणसानं जशीच्या तशी उतरवली. इतका साफ कान मी पाहिला नाही. खाली त्यानं यादी दिलीय. हे शब्द नाहीत, रखमाजी, ही या लोकांची घाईची काटछाट आहे. जी ई म्हणजे शामचा सलाम. ओ एम म्हणजे दोस्त. एक्स वाय एल म्हणजे बायको. त्र्याहत्तर म्हणजे निघताना दिलेली दुवा."

त्यांचे डोळे भरून आले होते, आणि ते त्यांनी लपवलंही नाही.

"त्याच्या बापाला ताप नव्हता," ते शेवटी म्हणाले.

"मला ठावं व्हतं."

"कधीपासून?"

"म्हैस पडली तव्हापासून. ती आपल्या गावातल्या भुजंगची म्हैस, दोर धराया मी सोता गेल्तो." रखमाजी हसला नाही. "तुम्ही कानाला डबे लावून लिव्हत व्हता तव्हा तुमचा हात कापत नव्हता, चाचा. मला सांगताना कापायचा. मंग मी खाली टाकलेले कागद उचलत गेलो."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो आसतो तर तुम्ही येनंच बंद केलं आसतं."

चाचांनी अम्मीचं सगळं रखमाजीला सांगितलं, जे जन्नतबीलाही सांगितलं नव्हतं. रखमाजीनं ऐकून घेतलं, आणि यादी त्यांच्या हातातून काढून स्वतःकडे ओढली. इंग्रजी वाचता येत नसलं तरी सुटी अक्षरं आता त्याला येत होती.

"हं, मी इचारतो. टी एन एक्स?"

"शुक्रिया."

"क्यू टी एच?"

"मी कुठून बोलतोय ते."

"क्यू एस बी?"

चाचांनी आठवून पाहिलं. आत्ताच वाचलं होतं, पण आठवेना.

"मालूम नाही," ते म्हणाले, आणि यादीत बघायला पुढे वाकले.