कोटाचं बटण

सासूबाईंची नजर पुरती गेल्यापासून आमच्या घरात एकच भांडण चालू होतं. आमची ही म्हणे, आईने आपल्याकडे राहायला यावं. आई म्हणे, मी माझ्या घरात बरी. दोघीही एकाच मातीच्या, त्यामुळे मध्ये मी भरडला जाई. शेवटी तह झाला. सासूबाईंनी कुणाच्याही मदतीशिवाय गरम जेवण करून दाखवायचं. जमलं तर राहायचं, नाहीतर बॅग भरायची. ही रिकामी बॅग घेऊनच आली होती.

आम्ही पोचलो तेव्हा सासूबाई खाली शेजारणीकडे होत्या. मोकळं स्वयंपाकघर दिसलं की हिचे हात शिवशिवतात. तिने ओटा घासला, मायक्रोवेव्ह घासला आणि मला कचरा देऊन पिटाळलं. कचऱ्याची गाडी दारातच उभी होती. जन्मात पहिल्यांदा मी वेळेवर पोचलो.

सासूबाई आल्या. काचेच्या खोल भांड्यात पास्ता घातला, बोट बुडवून पाण्याचा अंदाज घेतला, मीठ टाकलं, भांडं मायक्रोवेव्हमध्ये ठेवून दार लावलं. मग त्यांची बोटं दाराशेजारच्या पट्टीवर फिरली. वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली. पट्टी अगदी गुळगुळीत होती.

"इथेच होती," त्या पुटपुटल्या.

जन्मभर शिवणाचं दुकान चालवलेल्या बाईची बोटं चुकताना मी पहिल्यांदाच पाहिली.

"काय होतं, आई?" हिने विचारलं.

"बटणं गं. मीच चिकटवली होती. मिनिटांसाठी शर्टाचं, चालू करायला कोटाचं. का तेही मला नुसतं वाटलं? जाऊ दे. भर बाई बॅग."

ही पांढरीफटक पडली. "आई, मला वाटलं काहीतरी चिकटून बसलंय. सुरीने खरवडून काढलं मी."

"आणि मी गाडीत टाकून आलो," मी म्हणालो.

सासूबाई खो खो हसत सुटल्या. "देवाने काय जोडी जमवलीय!"

शर्टाची बटणं त्यांच्या डब्यात ढिगाने होती. मोठं मात्र तेवढं एकच होतं. "तुझा निळा कोट शिवला, त्यातलं उरलेलं. मध्ये खोलगट. बोट कसं बरोबर बसायचं."

तोच कोट हिच्या अंगात होता. तो काढून तिने वरचं बटण कातरीने कापलं, आईचं बोट धरून दोन्ही बटणं जागच्या जागी चिकटवली आणि स्वतःचे हात पाठीमागे बांधून उभी राहिली. "आता तू. मी हात लावणार नाही."

पाणी एकदा उतू गेलं. हिचा जीव वरखाली होत होता, पण हात मागेच राहिले. सासूबाईंनी फडक्याने भांडं काढलं, पाणी निथळलं, लोणी, मिरपूड आणि चीज घातलं. पास्ता जरा गिच्च झाला होता. हिने तो दोनदा मागून घेतला, आणि मला तिचा तेव्हा फार अभिमान वाटला.

निघताना तिने कोट उचलला, तसा सासूबाईंनी हात पुढे केला. "तो राहू दे इथे. दुसरं बटण लावून ठेवते. पुढच्या रविवारी न्यायला ये."

"अगं, पण सुईत दोरा..." ही बोलता बोलता थांबली. तिने कोट आईच्या हातात दिला आणि रिकामी बॅग उचलली.

बाहेर थंडी मी म्हणत होती. ही कुडकुडत चालली होती.

"माझा घालतेस का?" मी विचारलं.

"नको," ती डोळे पुसत म्हणाली. "माझा रविवारी मिळणार आहे."