आडोशाला उभी गाडी

गाडी सुरू करून चाळीसेक किलोमीटर झाले की नेव्हिलचा उजवा पाय बोलायला लागायचा. आधी खुब्यात बारीकशी कळ, मग मांडीच्या मागून पोटरीपर्यंत ओढ, आणि पुढे पुढे तर तळव्याला अशा मुंग्या यायच्या की अ‍ॅक्सिलरेटर पायाखाली आहे की नाही तेच कळायचं नाही. चाळीस वर्षं त्यानं गव्हाचे ट्रक चालवले होते. तेव्हा खुब्यानं सगळं मुकाट्यानं सोसलं आणि आता, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, तोंड उघडलं.

आमच्या वीलबऱ्या गावाहून ग्रिफिथ शहर एकशेचाळीस किलोमीटर. जायचे तेवढेच यायचे. दर गुरुवारी. ग्रिफिथच्या शुश्रूषागृहात त्याची बायको होती, कोरल. चौदा महिन्यांपूर्वी तिला झटका आला, एक बाजू लुळी पडली, आणि त्यानंतर डोकंही हळूहळू विझत गेलं. वीलबऱ्याच्या आमच्या दवाखान्यात म्हाताऱ्यांसाठी चार खाटा आहेत, पण त्यांवर चार म्हाताऱ्या ठाण मांडून बसलेल्या, आणि चौघीही एकीपेक्षा एक चिवट. एखादी हलेल तेव्हा कोरलचा नंबर. नेव्हिल त्यांच्यापैकी कुणी दवाखान्याच्या व्हरांड्यात बसलेली दिसली की तब्येतीची चौकशी करायचा, आणि "उत्तम" असं उत्तर आलं की त्याचा चेहरा पडायचा. मग त्याची त्यालाच लाज वाटायची.

कोरल आता लेकीचं नाव विसरली होती. चर्च विसरली होती, स्वतःचं घर विसरली होती. पण गुरुवारी सकाळी अकराच्या सुमाराला ती काचेच्या दाराकडे तोंड करून बसायची, आणि दारातून टोपी घातलेला नेव्हिल आत आला की म्हणायची, "आलास? किती रे वाट बघायची." तेवढं एकच माणूस तिच्याजवळ उरलं होतं. तिथली परिचारिका मारिसेल, फिलिपिन्सहून आलेली, मनानं फार चांगली पोर, तिनं एकदा बोलता बोलता नेव्हिलला सांगितलं होतं की पलीकडच्या खोलीतल्या आजोबांचा मुलगा महिनाभर आला नाही, आणि आला तेव्हा आजोबांनी त्याला नळ दुरुस्त करणारा समजून मोरीची वाट दाखवली. तिनं सहज सांगितलं. नेव्हिलच्या मात्र ते काळजात रुतलं. गुरुवार चुकवायचा नाही, काय वाट्टेल ते होवो.

म्हणून तर पायाचं कुणाला कळू द्यायचं नव्हतं. पंचाहत्तरीच्या पुढच्या माणसाला दर वर्षी डॉक्टरकडून गाडी चालवायला लायक असल्याचा कागद आणावा लागतो. डॉक्टरनं एक रेघ वेगळी ओढली की परवाना गेला, आणि परवान्याबरोबर गुरुवारही. तुम्ही म्हणाल, शेजाऱ्यांना सांगायचं होतं, न्या म्हणून. नेव्हिलचं म्हणणं असं की लोक पहिल्यांदा हौसेनं नेतात, दुसऱ्यांदा प्रेमानं नेतात आणि तिसऱ्यांदा घड्याळाकडे बघतात. माणूस हट्टी होता. सगळं आयुष्य एकट्यानं ट्रकच्या केबिनमध्ये काढलेली माणसं अशीच होतात.

महिन्यातून एकदा गावच्या सभागृहात व्यायामानं उपचार करणारी एक मुलगी यायची. नेव्हिल तिच्याकडे गेला तो कंबर दुखते म्हणून. तिनं त्याला पालथा घातला, पाय वर उचलून बघितला, आणि दोन मिनिटांत चोर पकडला. दुखणं कमरेत उगम पावून पायात उतरतंय, आणि ते गाडी चालवूनच वाढतंय. मग तिनं एकेक गोष्ट सांगितली. मागच्या खिशातलं जाडजूड पाकीट काढायचं, त्यावर तास न् तास बसून शीर चेपते. सीट पुढे घ्यायची, पाठीशी टॉवेलची गुंडाळी ठेवायची. आणि दर अर्ध्या तासानं थांबून खाली उतरायचं, चालायचं, पाय बंपरवर ठेवून सावकाश वाकायचं. शेवटी तिनं स्पष्टच सांगितलं, "इतकं लांब चालवूच नका." नेव्हिलनं सगळ्या गोष्टी मान्य केल्या, ती एक सोडून.

पुढच्या गुरुवारी त्यानं अर्ध्या तासानं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, पाय बंपरवर ठेवला आणि वाकला. एवढ्यात मेंढ्यांचा ट्रक करकचून थांबला. आमच्या रस्त्याची रीतच आहे ती. एरवी समोरून येणाऱ्याला स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून रामराम करतील आणि निघून जातील, पण उभी गाडी दिसली की थांबल्याशिवाय कुणी पुढे जाणार नाही. उन्हाळ्यात ह्या रस्त्यानं माणसं मेली आहेत, म्हणून पडलेली रीत. ट्रकवाल्याला टायर ठीक आहेत, पेट्रोल आहे, असं पटवून पाठवतोय तोच शाळेची बस थांबली. ती गेली तर ग्लेनिस आली. ग्लेनिस त्याची शेजारीण, म्हणजे दोन फाटकं पलीकडची, साठीची, एकटी मेंढ्या सांभाळणारी. ती काच खाली करून बंपरवरच्या पायाकडे बघत राहिली.

"काय रे, नाचाचा सराव चाललाय का?"

"लघवीला थांबलोय. जाशील का आता?"

"बंपरवर?" ग्लेनिस म्हणाली, आणि हसत निघून गेली.

झालं. शनिवारी क्लबात सगळ्यांना माहीत, की नेव्हिलला आता दर वीस मिनिटांनी जावं लागतं. कुणी त्याच्यापुढे बाटली ठेवली, कुणी दूधपित्या पोरांचा लंगोट आणून देतो म्हणालं. नेव्हिलनं सगळं हसून घेतलं. पण महिन्यानं कागदासाठी डॉक्टरकडे गेला, तर डॉक्टरनंच विचारलं, "रस्त्यात फार थांबावं लागतं म्हणे तुम्हाला?"  लघवीची गोष्ट इथवर पोचते, तर पायाची पोचायला किती वेळ? त्यानं तपासणीआधी दुखण्याच्या दोन गोळ्या घेतल्या होत्या. पाय वर करा म्हटलं, वर केला. दुखतं का, नाही. डॉक्टरनं सही केली. नेव्हिल बाहेर येऊन गाडीत बसला आणि त्यानं कागद पुन्हा एकदा वाचून खिशात ठेवला.

झाकली मूठ सव्वा लाखाची. पण ती झाकायची कुठे? वाटेत एक जुनं स्टेशन आहे. रेल्वे बंद होऊन तीस वर्षं झाली, पण गव्हाचे दोन सिमेंटचे सायलो, म्हणजे साठवणीच्या उंच गोल कोठ्या, अजून उभे आहेत, पाचमजली इमारतीएवढे. त्यांच्या मागे गाडी नेली की रस्त्यावरून काही म्हणता काही दिसत नाही. नेव्हिलनं तेच आपलं व्यायामाचं ठिकाण केलं. दर गुरुवारी दहाला तिथे गाडी घालायची, पाच मिनिटं चालायचं, पाच मिनिटं वाकायचं, कण्हायचं असेल तर मनसोक्त कण्हायचं, आणि अकराला काचेच्या दारातून ताठ आत जायचं. पाच महिने हे कुणाच्या बापाला कळलं नाही. स्वतःच्या हुशारीवर तो खूश होता.

जूनमधला गुरुवार होता, म्हणजे आमच्याकडे भर हिवाळा. थंडी कडाक्याची, सगळीकडे दहिवर. नेव्हिलनं गाडी आडोशाला घेतली आणि दार उघडून उतरला. उजवा पाय जमिनीला टेकला, पण नेव्हिलला तो टेकल्याचं कळलंच नाही. इतका तो बधिर झाला होता. फोन गाडीतच होता, तिथे एरवीही रेंज नसते. तो बॉनेट धरून चार पावलं चालला, मग सवयीनं सायलोच्या भिंतीकडे वळला, हात सोडला, पंधराएक पावलं कसाबसा गेला, आणि पाय त्याच्याखालून निघूनच गेला. तो कुशीवर आपटला. आतून लाकूड मोडल्यासारखा आवाज आला. तो आवाज आपल्याच अंगातून आला हे कळायला त्याला थोडा वेळ लागला.

उठता येईना. सरपटावं तर खुब्यातून अशी कळ यायची की डोळ्यांपुढे अंधारी. हात-दीड हात सरकला आणि थांबला. गाडी पंधरा पावलांवर होती, हॉर्न तिथेच होता, आणि पलीकडून रस्त्यावरच्या गाड्या जात होत्या. एकेक गाडी तो आवाजावरून ओळखत होता. मेंढ्यांचा ट्रक गेला. टपालाची गाडी गेली. त्यानं हाका मारल्या, पण मधे दोन सायलो. ह्यातल्या कुणालाही तो रस्त्याच्या कडेला दिसला असता तर ब्रेक लागला असता. पाच महिने तो ह्याच माणसांना चुकवत होता आणि आता पुरता चुकवला होता. तो तसाच पडून रडला. दुखलं म्हणून नाही. अकरा वाजून गेले होते, आणि कोरल दाराकडे तोंड करून बसली असणार म्हणून.

इकडे बाराला मारिसेलनं त्याच्या घरी फोन केला. कुणी उचलेना, तेव्हा तिनं कोरलच्या कागदांवरचा दुसरा नंबर लावला, तो ग्लेनिसचा. ग्लेनिसनं हातातलं काम टाकलं आणि गाडी काढली. वीलबऱ्यापासून ग्रिफिथपर्यंत रस्त्याची एकेक कड बघत गेली. नेव्हिलनं तिच्या गाडीचा खडखडाट ऐकला. सायलेन्सर फुटका, दोन वर्षं तो तिला बदल म्हणून सांगत होता. खडखडाट जवळ आला, मोठा झाला, आणि निघून गेला. चारला पुन्हा उलट दिशेनं आला. ह्या वेळी गाडी अगदी सावकाश होती. सायलोपुढून गेली, थांबली, मागे आली. दहिवरानं ओल्या झालेल्या मातीत टायरचे माग आत वळलेले तिला दिसले होते.

ती धावत आली, अंगातलं जाकीट काढून त्याच्यावर घातलं, आणि सगळं कळल्यावर तिचा आवाज चढला.

"इथे? इथे मागे? अरे, रस्त्यावर पडला असतास तर दहा मिनिटांत उचलला असता तुला."

"माहीत आहे," नेव्हिल म्हणाला. "किती वाजले?"

"सव्वाचार झाले."

"जेवली का ती?"

कोरल जेवली नव्हती. दारासमोरून हलायला तयार नव्हती. पुढे अंधार पडल्यावर मारिसेलनं समजूत घालून तिला आत नेलं. दुपारी ग्रिफिथला पोचलेल्या ग्लेनिसनं तिला तशीच बसलेली बघितलं होतं. तिनं नेव्हिलला सांगितलं, जेवली, पोटभर जेवली. आयुष्यात ती इतकं चांगलं खोटं कधी बोलली नसेल.

ग्लेनिसनं रस्त्यावरची पहिली गाडी थांबवून निरोप धाडला, आणि अ‍ॅम्ब्युलन्सनं त्याला ग्रिफिथच्याच रुग्णालयात नेलं. खुब्याचं हाड मोडलं होतं, शस्त्रक्रिया झाली. बायकोला झटका आल्यापासून तो तिच्या इतक्या जवळ कधी राहिला नव्हता. मधे फक्त चार रस्ते. आणि ते चार रस्ते त्याला एकशेचाळीस किलोमीटरपेक्षा लांब झाले. जखमेत पू झाला, ताप आला, मग शुश्रूषागृहात खोकल्याची साथ आली म्हणून तिथल्या कुणाला बाहेर सोडेनात. दुखणं येतं हत्तीच्या पावलानं आणि जातं मुंगीच्या, हे काही खोटं नाही. एक गुरुवार गेला. दुसरा गेला. मारिसेल फोनवर सांगायची की कोरल ठीक आहे. दाराशी बसते का, असं तो विचारायचा. बसते, असं ती सांगायची, पण पुढे काही बोलायची नाही. तिसऱ्या गुरुवारी नेव्हिलनं छताकडे बघत दिवस काढला. आलेल्या जेवणाला हात लावला नाही.

परवान्याचं काय होणार ते डॉक्टरांनी एव्हाना सांगून टाकलं होतं. ज्या कागदासाठी एवढा जीव टांगणीला लावला होता तो गेला, आणि नेव्हिलला त्याचं काही वाटलं नाही. त्याला फक्त चौथा गुरुवार हवा होता.

चौथ्या गुरुवारी मारिसेल कोरलला चाकांच्या खुर्चीतून घेऊन आली. निळा स्वेटर घातला होता, केस नीट विंचरले होते. नेव्हिलनं सकाळपासून तीनदा दाढीवरून हात फिरवला होता. बसता येत नव्हतं तरी परिचारिकेकडून पाठीशी दोन उश्या लावून घेतल्या होत्या. मारिसेलनं खुर्ची खाटेजवळ आणून उभी केली आणि म्हणाली, "कोरल, बघा कोण आहे."

कोरलनं बघितलं. चेहऱ्यावर चांगल्या घरच्या बाईचं हसू आणलं.

"बरं नाही का तुम्हाला?" तिनं विचारलं.

मारिसेल काही बोलायला गेली, पण नेव्हिलनं हातानं तिला थांबवलं.  

"पाय मोडलाय," तो म्हणाला.

"अरेरे." कोरलनं मान हलवली. मग खुर्चीतल्या खुर्चीत वळून वॉर्डाच्या दाराकडे बघितलं. "मला फार वेळ नाही हं बसता यायचं. आज गुरुवार. माझा नवरा यायचाय."

"येईल की," नेव्हिल म्हणाला. "रस्त्यात असेल. लांबून यायचं म्हणजे वेळ लागणारच."

तिला ते पटलं. तिनं आपला चालता हात त्याच्या हातावर ठेवला आणि, परक्या माणसाला धीर द्यावा तसं, दोनदा थोपटलं.

"तुम्हालाही येईल कुणीतरी भेटायला," ती म्हणाली.

"हो," नेव्हिल म्हणाला.

तिनं हात काढून मांडीवर घेतला आणि दाराकडे डोळे लावून बसली. नेव्हिलही दाराकडे बघत राहिला.