सीलर ओलं असताना

आमच्या ह्यांना जगातलं सगळं येतं. गवंडी, सुतार, डॉक्टर, कोपऱ्यावरचा न्हावी, ह्यांच्या लेखी सगळे अडाणी. घरामागे स्विमिंग पूल बांधून घेतला तेव्हा ठेकेदाराला रोज नवीन काहीतरी शिकवून त्या बिचाऱ्याचं डोकं उठवलं. मात्र पूल झाल्यावर स्वतः कधी पाण्यात उतरले नाहीत. "तरुणपणी दुथडी भरलेली नदी पोहून गेलोय मी. ह्या डबक्यात काय उतरायचं?" पाहुणे माना डोलवायचे. मी गप्प भाजी चिरायची. ह्यांना पोहता येत नाही हे मला लग्नानंतरच्या पहिल्याच सहलीत कळलं होतं. गुडघाभर पाण्यात माझं मनगट असं आवळलं होतं की वळ उठले. पण नवऱ्याची फुशारकी म्हणजे घरातला जुना पंखा. आवाज करतो, वारा येत नाही, आपण चालू ठेवतो.

माझी आई आमच्याकडेच असते. गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी पाण्यात चालायला सांगितलं, तर चालता चालता ती म्हातारपणी पोहायला लागली. हनुवटी वर धरून, तोंडाने देवाचं नाव घेत, संथपणे ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. ह्यांना त्याचाही त्रास.

"आली पाणम्हैस," हे खिडकीतून म्हणायचे.

"म्हैस तरते हो, जावईबापू," आई पाण्यातूनच हसायची.

पुलाच्या तीन बाजूंना पेव्हरची फरशी आहे. चौथ्या बाजूला, स्वयंपाकघराच्या दाराशी, लाकडी फळ्यांचा ओटा, आणि तिथूनच उथळ पाण्यात पायऱ्या उतरतात. फरशी उन्हापाण्याने विटली होती. तिच्यावर सीलर, म्हणजे फरशी टिकवणारं चकचकीत रोगण, मारायला माणूस आला, त्याला ह्यांनी फाटकातूनच परत पाठवलं. "रोलर फिरवायला अक्कल लागते थोडीच!" आणि रविवारी सकाळी डोक्याला रुमाल बांधून स्वतः सुरू झाले.

शहाणा माणूस लांबच्या टोकापासून मारत मारत दाराकडे येतो. आमचे हे दारापासून निघाले. का, तर आधी खिडकीतून दिसणारा भाग चमकला पाहिजे आणि आम्ही खिडकीत उभं राहून वाखाणलं पाहिजे. दोन्ही लांब बाजू झाल्या. मग ह्या कोपऱ्यातून मधे, त्या कोपऱ्यातून मधे, अशी टोकाची पट्टी. "खबरदार, कोणी पाय ठेवला तर! ओल्यावर ठसा उमटला की कायमचा!" असं दर थोड्या वेळाने ओरडत होते. शेवटी पट्टीच्या मधोमध येऊन कंबर सरळ केली तेव्हा पायाखाली पाटाएवढी कोरडी जागा उरली होती. डावीकडे ओलं, उजवीकडे ओलं, पाठीमागे दोन पुरुष उंचीची भिंत. पुढे पुलाचं सगळ्यात खोल पाणी.

माझा भाऊ जेवायला आला होता. तो ओट्यावर येऊन पोटभर हसला.

"दाजी, आता हो?"

"आता काय? वाळायची वाट बघतोय."

"डब्यावर लिहिलंय, संध्याकाळपर्यंत पाय ठेवू नये."

"मग संध्याकाळपर्यंत उभा राहीन. माझी फरशी, माझी मर्जी."

"अहो, पाणी समोर आहे. मारा उडी, चार हात मारा, या इकडे. नदीपुढे हे काय!"

"कपडे भिजतील," हे म्हणाले.

कपडे! सीलरच्या डागांनी चिंधी झालेला तो सदरा! मला हसू यायला हवं होतं, आली ती चीड. ऊन डोक्यावर चढलं होतं. सीलरच्या वासाने ह्यांचा चेहरा पांढरा पडत चालला होता, आणि ताठा मात्र तसूभर कमी होत नव्हता. भोवळ येऊन हा माणूस पाण्यात पडला असता. पण "मला येत नाही" हे तीन शब्द त्याच्या घशातून बाहेर पडले नसते.

"फरशी गेली खड्ड्यात, चालत या!" मी ओरडले.

"तुला काय कळतंय त्यातलं?"

तोवर आई पायऱ्या उतरली होती. ओट्यावर पडलेला तरंगायचा रबरी टायर पुढे ढकलत ती त्या टोकाला पोचली आणि काठ धरून हळू आवाजात बोलली. पाण्यावरून शब्द किती स्पष्ट येतात, ह्याची दोघांनाही कल्पना नव्हती.

"येत नाही ना पोहायला?"

ह्यांनी आधी आमच्याकडे एक नजर टाकली. मग अगदी लहान आवाजात, "नाही."

"मग काठावर बसा. टायर काखेत घ्या. मी मागून लोटते."

"ती सगळी बघतायत."

"बघू देत. माझ्या तोंडून काही जायचं नाही."

इतक्या वर्षांत ह्यांच्या तोंडून निघालेला तो पहिला खरा शब्द मी ऐकला, आणि घटकाभर मला ह्यांची माया आली. डोळे घट्ट मिटून, टायरला मिठी मारून हे येत होते, आणि मागे माझी म्हातारी आई धापा टाकत पाय मारत होती. माझ्या भावाचंही हसू थांबलं. त्याने वाकून ह्यांना हात दिला.

ओट्यावर पाय टेकताच ह्यांनी टायर बाजूला भिरकावला आणि घसा खाकरला.

"तुमच्या आईला मधेच दम लागेल असं वाटलं मला. एकटीला परत कशी पाठवणार? म्हणून सोबत केली."

भाऊ माझ्याकडे बघायला लागला, मी आईकडे. आई पायरीवर बसून केस पिळत होती. अजून तिचा श्वास जागेवर आला नव्हता.

"केली खरी सोबत," ती म्हणाली. दिलेला शब्द तिने पाळला.

एवढ्यावर तरी ह्यांनी गप्प बसावं? छे.

"आणि पाय मारताना तुमचे गुडघे वाकतात, आई. ते सुधारा."

मी टॉवेल आईच्या खांद्यांवर घातला. ह्यांनी हात पुढे केलेला मला दिसला, पण दुसरा टॉवेल आणायला मी आत गेले नाही.