हळू चालणाऱ्या खेळासाठी वेगवान मेंदू

ठराव १. शेडमध्ये जुना आर्केड खेळ चालवणारा कॉम्प्युटर बांधावा. मांडणार: व्हूला कारिदिस. अनुमोदन: लिंडसे क्रॉफ्ट. मंजूर.

वहीत एवढंच आहे. व्हूलाला काय सलत होतं ते वहीत नाही.

येराबिन गावच्या शेडमध्ये तिथली निवृत्त मंडळी लाकूड तासत, चहा पीत आणि प्रत्येक गोष्टीचा ठराव करत. खिळा ठोकायचा तरी एकाने मांडायचं, दुसऱ्याने अनुमोदन द्यायचं. अध्यक्ष अ‍ॅथोल ब्रिम्बल. आयुष्यभर मेंढ्या पाळलेला माणूस, आणि गेली चाळीस वर्षं व्हूलाला थापाडी म्हणणारा.

कारण १९८५. व्हूलाच्या बापाचं मासे-चिप्सचं दुकान, कोपऱ्यात जेलीफिश पाडायच्या खेळाचं यंत्र. पंधरा वर्षांच्या व्हूलाने नववी लाट पार केली, जी अ‍ॅथोललाही कधी जमली नव्हती. बघायला कोणी नव्हतं. तासाभरात वीज गेली आणि पडद्यावरचा आकडा पुसला गेला.

नवव्या लाटेत चाळीस जेलीफिश एकदम उतरत. तेवढं ओझं त्या यंत्राला पेलत नसे. तीन सेकंद सगळं मंदावायचं. त्या तीन सेकंदांतून ती निसटली होती. तेच तिला दाखवायचं होतं.

ठराव २. जुना खेळ, म्हणून जुना कॉम्प्युटर. मांडणार: अ‍ॅथोल. मंजूर.

कचरा डेपोवरून ऑफिसातला एक डबा आला. खेळ पहिल्या लाटेपासूनच अडखळला. आवाज सर्दी झालेल्या कोकरासारखा.

ठराव ३. चहा. एकमताने मंजूर.

ठराव ४. तळहाताएवढा स्वस्त बोर्ड घ्यावा. मंजूर.

हा धावला. फारच धावला. नवव्या लाटेत चाळीस जेलीफिश सरसर आले आणि व्हूला अकरा वेळा मेली.

"कुठे होतंय हळू?" अ‍ॅथोल म्हणाला. "अगं, आता तरी कबूल कर."

"ते यंत्र धापा टाकायचं, अ‍ॅथोल. हे टाकत नाही."

"धापा टाकणारंच हवं असेल तर मला जोड की वायरी."

लिंडसेने चष्मा पुसला. तो टेलिफोन एक्स्चेंजमधला जुना मेकॅनिक. "हा बोर्ड वरवरची नक्कल करतो," तो म्हणाला. "जुनी चिप कधी, कुठे, किती दमली, याची क्षणाक्षणाची नक्कल हवी असेल तर प्रचंड काम पडतं. बाजारातला सगळ्यात वेगवान प्रोसेसर लागेल."

"म्हणजे हळू चालायला सगळ्यात वेगवान?" अ‍ॅथोलने विचारलं.

"हो."

"लिंडसे, आज गोळी घेतलीस ना?"

पण घ्यायचाच तर सोळा कोअरचा घ्या, असं अ‍ॅथोलचं मत पडलं. सोळा डोकी एकापेक्षा बरी.

"एक मेंढी फाटकातून आत घालायची आहे," व्हूला म्हणाली. "सोळा कुत्री सोडशील?"

 हे अ‍ॅथोलला कळत होतं.

"एकच सोडीन," तो म्हणाला. "पण पळणारं."

"तेच म्हणतेय मी. कोअर थोडे चालतील, एकेक चपळ हवा. ग्राफिक्स कार्डही नको. पडदा मात्र जुन्या काचेच्या टीव्हीचा."

ठराव ५. अध्यक्षांनी सांगितला तसाच वहीत उतरला: शेडसाठी एक पळणारं कुत्रं घ्यावं. मंजूर.

सभेला न आलेल्या नोएल पिंकर्टनने वही वाचली आणि गुरुवारी कुत्रं आणलं. वहीत आहे म्हटल्यावर परत कसं करणार? ठराव ६ ने कुत्रं कायम झालं. प्रोसेसर ठराव ७ ने आला, त्याच्यासाठी विटेएवढा पंखा ठराव ८ ने.

शनिवारी यंत्र उभं राहिलं. बाकी मंडळी बाहेर सॉसेज भाजत होती. आत व्हूला, लिंडसे, अ‍ॅथोल आणि ठराव क्रमांक पाच.

सातवी लाट. आठवी. नववी.

चाळीस जेलीफिश उतरले आणि यंत्राने धाप टाकली. पंखा जीव तोडून फिरत होता. इतकं अचूक हळू होण्यात यंत्राचा घाम निघत होता. व्हूलाच्या मनगटाने दोनदा डावीकडे, एकदा उजवीकडे झटका दिला. पडद्यावर दहावी लाट आली. तिथे ती लगेच मेली, पण ते आता कोण बघतंय.

लिंडसेने वही ओढली. "ठराव ९. १९८५चा विक्रम खरा मानावा. मी मांडतो. अनुमोदन?"

बाहेरच्यांचे हात तेलकट होते. व्हूलाला स्वतःबद्दलच्याच ठरावाला अनुमोदन देता येत नव्हतं. उरला अ‍ॅथोल.

"अध्यक्षाला अनुमोदन देता येत नाही," तो घाईने म्हणाला.

"खुर्ची सोडली तर येतं," लिंडसे म्हणाला.

अ‍ॅथोलने पडद्याकडे पाहिलं. दहावी लाट तिथेच लुकलुकत होती. तो उठला. "बस बाई. अध्यक्ष हो. माझं अनुमोदन आहे."

व्हूला खुर्चीत बसली. "ठरावाच्या बाजूने?"

लिंडसेचा हात वर गेला. मग अ‍ॅथोलचा, अर्धाच.

"नीट वर कर," अध्यक्षा म्हणाल्या. "मोजायचेत."

हात दोनच होते. तिने सावकाश मोजले.