अस्तरावरचे डोळे

मंजूनं ब्लाउज उलटं करून काउंटरवर टाकलं. "चाचा, हे काय हाय?"

फिकट पिवळ्या अस्तरावर, पाठीच्या बाजूला, निळ्या बॉलपेननं डोळे काढलेले होते. एक मोठा, पापण्यांसकट, आणि त्याच्याभोवती लहान लहान चार-पाच.

"काल साखरपुड्यात माह्या होणाऱ्या नणंदेनं पाह्यले. मागचे हुक लावून देत होती ते. सारा घोळका हसला मले."

मागे तिची आई लिलाबाई अंग चोरून उभी होती. बाकावर फॉल-पिकोची साडी न्यायला आलेली एक बाई बसली होती, तिनंही मान लांबवली. अशा वेळी माणसाला नेमकी सवड असते.

फय्याजभाई वाशीमजवळच्या मालेगावातले बायकांचे शिंपी. बायकांची कापडं शिवण्यात आयुष्य गेलं, पण कुणा बाईच्या अंगाला त्यांनी टेप लावला नव्हता. बाईनं घरून अंगाबरोबर बसणारं जुनं ब्लाउज आणून द्यायचं, त्यावरून हे नवं बेतणार. कुणी अगदीच नवी आली, तर पडद्यामागे त्यांची बायको हाजराबी टेप धरायची आणि आकडे मोठ्यानं सांगायची. ते मापाचं ब्लाउज मग दुकानातच खिळ्याला टांगलेलं राहायचं. ते परत मागणं म्हणजे शिंपी बदलणं. न भांडता नातं तोडायची ती गावची रीत होती.

"मोबाइलवर एक बाई सांगते," मंजू म्हणाली. ती वाशीमला बीएड करत होती आणि रागावली की तासाला उभी राहिल्यासारखी बोलायची. "माणूस बसल्या बसल्या ज्या गिरगोट्या काढते ना, त्याच्यातून त्याचं मन कळते. घर काढणाऱ्याले घराची ओढ असते. अन् डोळे काढणाऱ्याले…" ती अडली, पण आता मागे सरकणं कठीण होतं. "त्याले लोकाईकडं टक लावून पाहाची हाव असते."

फय्याजभाईंच्या कानाच्या पाळ्या तापल्या. हे कधी झालं ते त्यांना लख्ख आठवत होतं. भावाचा फोन आला होता, बोलता बोलता समोरच्या कापडावर पेन फिरत होता. बेतून उरलेली कतरण समजून ते गिरवत बसले होते. कतरण नव्हती ती.

आणि कतरण का वाटली, तेही त्यांना ठाऊक होतं. पण ते सांगितलं असतं तर दुकानाला कुलूपच लागलं असतं. त्यांनी दुकान वाचवलं.

"चूक झाली बेटा. अस्तर बदलून देतो."

चोरानं माल परत करावा तसंच वाटलं ते. लिलाबाईनं तोंड फिरवलं. बाकावरच्या बाईनं पदर खांद्यावरून पुढे ओढला आणि गच्च आवळून धरला. या दुकानात तसा पदर आजवर कुणी ओढला नव्हता. फय्याजभाईंना वाटलं, जमिनीनं पोटात घ्यावं.

पडदा सरकला. गळ्यात टेप घातलेली हाजराबी बाहेर आली. तिनं अस्तर हातात घेतलं, पाहिलं, आणि मग नवऱ्याकडे पाहिलं.

"किसकी आँखें हैं ये?" तिनं हळूच विचारलं.

मंजूचं बोलणं त्यांनी गिळलं असतं. हे गिळवेना.

"मेरी," ते म्हणाले. मग मान खाली घालून, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. "काचबिंदू हाय मले. वाशीमच्या डॉक्टरनं भिंतीवर अस्संच डोळ्याचं चित्र लावलं हाय. नंबर येईपर्यंत त्याच्याच समोर बसा लागते. हाताले आदत पडली. बाजूचं दिसत नाई आता. खडूची रेघ सापडत नाई, म्हून पेन घेतला. तुह्यं अस्तर मले कतरण वाटली, बेटा."



"तुम तो बटन लाने जाते थे वाशीम," हाजराबी म्हणाली. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली सांभाळा, असं डॉक्टर म्हणाला होता. हे बायकोला कोणत्या तोंडानं सांगायचं, म्हणून बटणांचं निमित्त चाललं होतं.

"चाचा, मी… मले काय माईत," मंजूचे डोळे भरून आले. तिनं ब्लाउजाची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. मोबाइलवरच्या बाईनं यापुढचं काही सांगितलेलं नव्हतं.

"लेकरू हाय, बोलून गेली. मनावर घेऊ नका, भाऊ," लिलाबाई म्हणाली. तिलाही शरम वाटत होती, ते खरंच होतं. काउंटरच्या फळीवरून ती उगाच बोट फिरवत राहिली. "लग्नाचे कापडं तुमालेच द्याचे होते. पण आता घाई हाय… तुमाले तरास कायले?" आणि मग आणखी खालच्या आवाजात, "मंजूचं मापाचं तेवढं द्या."

बाकावरच्या बाईनं आवळलेला पदर सोडला होता. माणूस भला निघाला म्हणून, की त्याला आता धड दिसतच नाही म्हणून, हे फय्याजभाईंना जाणून घ्यायचं नव्हतं.

ते भिंतीकडे वळले. हात खिळ्यांवरून फिरला, भलत्याच ब्लाउजावर थांबला, पुन्हा फिरला. हाजराबीनं मंजूचं ब्लाउज काढून त्यांच्या हातात दिलं.

त्यांनी ते काउंटरवर पसरलं. अंगठ्यानं चाचपत एकेक हुक लावला. बाह्या आत दुमडल्या, नव्या कापडाची घालतात तशी घडी घातली, पिशवीत ठेवली आणि दोन्ही हातांनी पुढे केली. लिलाबाई डाव्या बाजूला सरकली होती. पिशवी धरून ते समोर कुणी नव्हतं तिथंच पाहत म्हणाले, "लग्नाले बोलवजा, ताई."