बरोबर उत्तर

एकतीस डिसेंबर, दुपारचे दोन, मुदत संध्याकाळी सहापर्यंत, आणि माझा तीन तासांचा अभ्यास बाकी! दर दोन वर्षांनी शंभर तासांचं शिक्षण दाखवलं नाही, तर आमचं प्रमाणपत्र जातं. चूक माझीच. 'करू की निवांत' म्हणत दोन वर्षं काढली. मी डॉक्टर नव्हे, फिजिशियन असिस्टंट. पण अमेरिकेतल्या नेब्रास्काच्या या कोपऱ्यात डॉक्टर फक्त मंगळवारी उगवतात. एरवी तपासायचं मी, औषध लिहायचं मी. माझं प्रमाणपत्र गेलं की दवाखान्याला कुलूप, आणि पुढचा दवाखाना सत्तर मैलांवर.

संगणकावरचा व्याख्याता गाईने रवंथ करावा तसा बोलत होता. त्याला पुढे ढकलायचीही सोय नाही. तेवढ्यात आमची स्वागतिका ट्रूडी दारात.

"व्हर्ना, ओपलबाई आल्यात."

"आत्ताच मुहूर्त सापडला का त्यांना?"

"परत पाठवू?"

"नको गं. येऊ दे."

ओपलबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या, चाळीस गुरं एकट्या सांभाळतात. "सकाळपासून जबडा ठणकतोय, पोरी." तोंड उघडायला लावलं, तर मागची दाढ किडलेली. मिळालं कारण! माझा एक डोळा घड्याळावर. "दाढेचं आहे. ही गोळी घ्या, सोमवारी दातांच्या डॉक्टरांकडे जा. आणखी काही?" हे विचारताना माझा हात दाराच्या मुठीवर होता. त्या जरा घुटमळल्या. "नाही गं, काही नाही," म्हणाल्या आणि गेल्या.

तासाभराने व्याख्यान संपून प्रश्न सुरू झाले. तिसरा प्रश्न: हृदयविकाराच्या झटक्यात वयस्क बाईला छातीऐवजी कुठे दुखू शकतं? अहो, हे तर मी झोपेतही सांगेन! जबडा. टिचकी मारली, हिरवी खूण आली. मनातल्या मनात स्वतःला शाबासकी देऊन चौथा प्रश्न वाचायला घेतला आणि ओपलबाईंचा जबडा आठवला.

"ट्रूडी! ओपलबाईंना फोन लाव!"

तिने तीनदा लावला. "उचलत नाहीत."

"रुग्णवाहिका पाठव त्यांच्या घरी. मी निघाले."

"अगं, मध्येच उठलीस तर सगळं पहिल्यापासून करावं लागेल!"

"खड्ड्यात गेलं ते!"

बर्फातून नऊ मैल स्वतःला शिव्या घालत गाडी हाणली. ओपलबाई गोठ्यात, पालथ्या बादलीवर बसलेल्या. चेहरा राखेसारखा, एवढ्या थंडीत मान घामाने ओली. ॲस्पिरिनची गोळी चावायला लावली, आडवं केलं, हात धरून बसले. नाडी कशीबशी लागत होती. लांबून रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकू आला.

"घाम कधीपासून येतोय?"

"पहाटेपासून. दमही लागत होता."

"मग मघाशी बोलला का नाहीत हो?" मी जवळजवळ ओरडलेच.

"ट्रूडी म्हणाली, तुझा अभ्यास राहिलाय." त्यांनी माझा हात थोपटला. "म्हटलं, आपल्यापायी उशीर नको. तू गेलीस तर आम्हाला बघणार कोण?"